आंजर्ल्यातील घरगुती निवास: शॉवर नसलेले न्हाणीघर आणि भरतीची वेळ सांगणाऱ्या काकू

या घराविषयी आमच्या कानावर आलेली पहिली गोष्ट ही एक तक्रार होती. ओळखीच्या एका कुटुंबाने सांगितले होते की जागा चांगली आहे, जेवण उत्तम आहे, पण न्हाणीघरात शॉवर नाही, बादलीत पाणी घेऊन आंघोळ करावी लागते आणि नळ जास्त वेळ वाहत राहिला तर घरच्या काकू येऊन दारावर टकटक करतात. परभणीत वाढलेल्या माणसाला ही तक्रार ऐकून त्या काकूंविषयी आदरच वाटेल, आणि मला तो वाटला. चार रात्री त्यांच्याकडे राहून आल्यावर तो अधिकच वाढला आहे.

हे घर रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, आंजर्ले गावी आहे. दारावर पाटी नाही, नाव नाही, जाहिरात नाही. काका, काकू आणि त्यांचा मुलगा असे तिघे मिळून घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देतात. आमचा तिथे संबंध आला तो माझ्या मैत्रिणीमुळे. ती आणि मी परभणीच्या कृषी विद्यापीठात एकाच वर्गात होतो. पुढे ती मृदाशास्त्र शिकण्यासाठी दापोलीच्या विद्यापीठात गेली आणि लग्न होऊन आंजर्ल्यातच स्थायिक झाली. गेली कित्येक वर्षे ती "आईला घेऊन ये, समुद्र दाखवू" असे म्हणत होती. यंदा रब्बीची ज्वारी काढून झाल्यावर, फाल्गुनाच्या सुरुवातीला, आम्ही दोघी निघालो. माझी आई ७१ वर्षांची आहे आणि तिने तोपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. मैत्रिणीच्या घरी त्या दिवसांत दुरुस्तीचे काम चालू असल्याने तिने आमची मुक्कामाची सोय दोन घरे सोडून या काकूंकडे केली. ती स्वतः मात्र सकाळ-संध्याकाळ आमच्याबरोबरच असे.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगते. परभणीहून नांदेड–पनवेल एक्स्प्रेसने पुण्यापर्यंत आणि तिथून स्वारगेटहून एसटीने दापोली, असे आम्ही गेलो. एकूण अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास पडते, आणि घाटातला प्रवास वयस्कर माणसाला दमवतो, म्हणून पुण्यात अर्धा दिवस थांबणे शहाणपणाचे आहे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट असल्याने खर्च बराच आटोक्यात राहिला. दापोलीहून हर्णैमार्गे खाडीवरचा पूल ओलांडून आंजर्ल्यात उतरलो तेव्हा काकांचा मुलगा रिक्षा घेऊन उभा होता. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

घर जुन्या वळणाचे, चिऱ्याच्या भिंतींचे आणि कौलारू आहे. पुढे शेणाने सारवलेले अंगण, मागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडीच्या टोकाला सुरूच्या झाडांची रांग. ती ओलांडली की वाळू लागते. पोफळींमध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा दिसतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, त्यात या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. काकांनी सांगितले की त्यांच्या वाडीतल्या दोन तृतीयांश पोफळी त्या एका दुपारी गेल्या. सुपारीच्या रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, नारळाच्या उंच जातीलाही तितकीच किंवा अधिक लागतात. मधल्या काळात घर चालावे म्हणून खोल्या पाहुण्यांना देण्याचा मार्ग त्यांनी धरला. गारपिटीत किंवा सलग दोन दुष्काळात बाग गमावलेली माणसे आपल्या मराठवाड्यातही आहेत, त्यामुळे आई आणि काका यांची त्या संध्याकाळी ओटीवर बसून बराच वेळ बोलणी झाली. काका नव्या रोपांविषयी सांगत होते आणि आई आमच्या वाळलेल्या मोसंबीविषयी.

आता विहिरीविषयी, कारण माझ्या मते या घराचे सर्वांत मोठे मोल तिच्यात आहे. मागीलदारी, समुद्रापासून फार तर दीडशे पावलांवर, चिऱ्याने बांधलेली विहीर आहे आणि तिच्यावर लाकडी रहाट आहे. आईने काठावर वाकून आत पाहिले आणि तिच्या तोंडून निघाले, "माय, एवढ्या वर पाणी!" बारा-तेरा हातांवर पाणी चमकत होते. आमच्या शेतात ५८० फुटांपर्यंत नेलेला बोअर कोरडा गेलेला आहे, आणि लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे हाताने दोर ओढून पाणी वर येते, आणि तेही खाऱ्या समुद्राच्या शेजारी गोडे येते, यावर तिचा विश्वास बसेना. तिने ओंजळीत घेऊन चाखले, मग मला चाखायला लावले. पाणी खरोखरच गोड होते, किंचित थंड, आणि मागे मातीचा हलका वास रेंगाळणारे.

हे असे का होते ते माझ्या मैत्रिणीने तिथेच काठावर उभे राहून समजावले, आणि विषय तिचाच असल्याने तो तिने उत्तम समजावला. दापोलीच्या बाजूला वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडच्या बऱ्याच भागांत तो सातशे ते नऊशेच्या घरात असतो. एवढा पाऊस वाळूतून खाली मुरतो आणि जमिनीखाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडे पाणी साठलेले असेल तर ढोबळ हिशेबाने खाली चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी सापडते. मात्र हाच हिशेब उलटाही चालतो. बेसुमार उपसा करून वरची पातळी एक फुटाने खाली आणली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर चढू शकते, आणि एकदा विहीर मचूळ झाली की ती सुधारायला कित्येक पावसाळे जावे लागतात. काकूंनी हे पुस्तकातून शिकलेले नाही. त्यांच्या माहेरच्या गावात एका घरी मोठा पंप बसवल्यावर शेजारच्या दोन विहिरी खाऱ्या झालेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून त्यांच्याकडे टाकीत दिवसातून दोनदाच पाणी चढते, प्रत्येक खोलीला दोन बादल्या मिळतात, आणि समुद्रातून आल्यावर अंगाची वाळू धुण्यासाठी वाडीत वेगळी जागा आहे, जिथले पाणी थेट पोफळींच्या आळ्यांत जाते. पाहुण्याला कमी पडले तर त्या आणखी एक बादली देतात, नाही म्हणत नाहीत. फक्त वाया जाऊ देत नाहीत. पाण्याची सेवा याहून चांगली कशी असते ते मला सांगता येणार नाही.

या घराचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे समुद्रावर कधी जायचे आणि कधी जायचे नाही हे इथे चहाबरोबरच सांगितले जाते. पहिल्या दिवशी सकाळी काकूंनी आईला विचारले, "आई, आज तिथी कोणती?" आईचा पंचांगाचा हिशेब पक्का असतो, तिने तृतीया म्हणून सांगितले. काकू लगेच म्हणाल्या, "मग सव्वादोनला पाणी भरेल. आत्ता ओहोटी आहे, जाऊन या, पण खाडीच्या तोंडाकडे वळू नका." या जागेवरच्या उत्तराचे आम्हाला फार नवल वाटले, तेव्हा त्यांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत सांगितली. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते, आणि तेथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पाणी सर्वांत मागे गेलेले असणार. अष्टमीला भरती सहा वाजता. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, तेव्हा पाणी खूप वर चढते आणि खूप मागेही जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी राहतो. अर्ध्या-एक तासाचा फरक पडू शकतो असे काकू स्वतःच सांगतात, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी मुलगा मोबाइलवर त्या दिवसाची वेळ पाहून खात्रीही करून देतो. एकादशी, चतुर्थी, अमावास्या या आपण उपवासासाठी आणि पेरणी-काढणीसाठी लक्षात ठेवतो. त्याच तिथींवर समुद्रही चालतो हे कळल्यावर आईचे त्या पाण्याशी जे परकेपण होते ते एकदम कमी झाले. पुढचे तीन दिवस भरतीची वेळ तीच आम्हाला सांगत होती.

मी या गोष्टीवर इतका भर देते याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातली मंडळी दुसऱ्या एका किनाऱ्यावर एका मोठ्या निवासात उतरली होती. तिथे पोहण्याचा तलाव होता, वातानुकूलित खोल्या होत्या, पण ओहोटीच्या वेळी पाण्यात जाऊ नये हे कोणी एका शब्दाने सांगितले नाही. माझा भाचा कमरेएवढ्या पाण्यात उभा असताना पायाखालची वाळू सरकली आणि तो आत ओढला गेला. जवळ जाळे आवरत असलेल्या एका कोळी दादांनी त्याला धरले म्हणून तो वाचला. आपल्याकडच्या माणसाला विहिरीत आणि धरणात पोहता येत असते, त्यामुळे आपल्याला पाणी येते असा त्याचा समज असतो. समुद्राचे पाणी मात्र उभे राहत नाही, ते सतत कुठेतरी निघालेले असते. ओहोटीत आणि खाडीच्या मुखाशी ते आत खेचते, म्हणून भरती चढत असताना, गुडघ्याएवढ्या पाण्यात, आणि घरच्यांनी दाखवलेल्या जागीच उतरायचे, हा काकूंचा नियम आम्ही तंतोतंत पाळला. काकांचा मुलगा दोन्ही वेळा किनाऱ्यावर बसून होता, न सांगता.

आंजर्ल्याचा किनारा लांब आणि रुंद आहे, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे माणसे कमी असतात. आम्ही चतुर्थीला सकाळी साडेआठला गेलो तेव्हा पाणी इतके मागे गेले होते की ओली वाळू आरशासारखी पसरली होती आणि तिच्यावर लक्षावधी बारीक गोळ्या मांडलेल्या होत्या. मोहरीपासून मुगापर्यंतच्या आकाराच्या, एकसारख्या गोल, आणि एकेका छिद्राभोवती किरणांसारख्या रांगांत. आई खाली बसली. पाच मिनिटे हालचाल न करता थांबल्यावर एका छिद्रातून नखाएवढा खेकडा बाहेर आला, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेऊ लागला, तिच्यातले खाण्याजोगे काढून घेऊ लागला, आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकू लागला. एक गोळी, मग दुसरी, मग एक पाऊल पुढे. सहा तासांनी भरती येऊन हे सगळे पुसणार आणि संध्याकाळी तो पुन्हा सुरू करणार. आईने त्याच्याकडे इतका वेळ पाहिले की मैत्रिणीला तिच्या डोक्यावर पदर सरकवून द्यावा लागला, कारण ऊन चढले होते. दक्षिणेकडच्या खडकांवर गावातल्या बायका टोकदार लोखंडी हत्याराने कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडून काढत होत्या. त्यांच्याशी आईच्या गप्पा झाल्या, आणि भाषेचा हेल दोन्हीकडचा वेगळा असूनही कुणाचे काही अडले नाही.

फाल्गुनात गेल्याचा आणखी एक लाभ म्हणजे कासवे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात या किनाऱ्यांवर रात्री येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशेपर्यंत अंडी असतात आणि वाळूच्या उबेने सुमारे ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. याच भागातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली हे संरक्षणाचे काम सुरू केले, आणि आता वन विभागाच्या साहाय्याने आंजर्ल्यासह अनेक गावांत ते चालते. कुत्री, कोल्हे आणि माणसे यांच्यापासून वाचवण्यासाठी अंडी जाळीच्या कुंपणात, मूळ घरट्याच्याच आकाराचा खड्डा करून पुरतात. तृतीयेच्या संध्याकाळी विसाहून अधिक पिल्ले सोडली गेली. तळहातावर मावेल एवढे पिल्लू, काळपट, डोळे अर्धवट वाळूने माखलेले. चार वल्ह्यांसारख्या पायांनी ते वाळू ढकलते आणि मागे ट्रॅक्टरच्या चाकाच्या ठशासारखी बारीक नक्षी उमटवत जाते. ओहोटी असल्याने त्यांना चालायचे अंतर बरेच होते. दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या एकाही माणसाने आवाज केला नाही, आणि शेवटचे पिल्लू लाटेत दिसेनासे होईपर्यंत कोणी हलले नाही. याच किनाऱ्यावर शनिवारी दोन मोठ्या गाड्या वाळूत उतरलेल्या मी पाहिल्या. चाकांनी पडलेल्या चाऱ्यांत ही पिल्ले अडकतात, वाळूखालची घरटी दबतात, आणि भरतीत गाड्याही रुततात. आपल्याकडून जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की गाडी गावातच उभी करावी.

जेवण शाकाहारी हवे की मासे, हे आदल्या रात्री विचारतात. आम्ही शाकाहारी. कुळथाचे पिठले, ओल्या काजूची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी, सोलकढी आणि सकाळी घावन. ओल्या काजूची उसळ एवढ्यासाठी वेगळी सांगते की आपल्याकडे ती मिळत नाही आणि मार्चच्या आसपासच ती खाता येते. काकू ती नारळाच्या वाटणात करतात आणि काजूचा चीक जाईपर्यंत सोलण्याचे काम स्वतः करतात. सगळे रुचकर, पण आपल्या जिभेला तिखट कमी पडते आणि प्रत्येक पदार्थात नारळ असतो, हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या दिवशी आईने पिशवीतले ज्वारीचे पीठ आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचे मसाला घातलेले पीठ) बाहेर काढले. काकू तांदळाची भाकरी उकड काढून करतात. ज्वारीचे पीठ त्यांच्या हाताला नवे होते, पहिल्या दोन भाकरी परातीतच फाटल्या. आईने त्यांच्या शेजारी बसून पीठ तळव्याच्या खालच्या भागाने कसे रगडायचे ते दाखवले. पाचवी भाकरी फुगली. त्या रात्री काकांनी येसराची आमटी दोनदा मागून घेतली.

आसपास पाहण्यासारखे पुष्कळ आहे. कड्यावरच्या गणपतीचे मंदिर गावाच्या वरच आहे; वरपर्यंत रस्ता जातो, त्यामुळे वयस्करांनाही दर्शन होते आणि तिथून सुवर्णदुर्ग किल्ला पाण्यात उभा दिसतो. हर्णै बंदरावर वाळूतच माशांचा लिलाव होतो. मासे न खाणाऱ्यानेही तो पाहावा, कारण होड्यांतले मासे आणायला बैलगाड्या समुद्रात उतरतात, आणि पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात शांतपणे उभे असलेले बैल शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने पाहण्याजोगे आहेत.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. आम्ही फोनवर तळमजल्याची खोली मागितली होती, पण पोहोचल्यावर माडीवरची मिळाली आणि तिचा लाकडी जिना उभा व अरुंद आहे. पहिली रात्र आईने भीत-भीतच काढली. दुसऱ्या दिवशी काकूंनी क्षमा मागून खाली सोय केली, मात्र खालच्या खोलीचे न्हाणीघर अंगणापलीकडे आहे आणि तिथला दिवा मंद आहे. वीज दोनदा तास-दीड तास गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा एवढेच चालते. मोबाइलला रेंज ओटीवर येते, खोलीत येत नाही. डास आहेत, मच्छरदाणी मिळते, पण ती मागावी लागते. दर लेखी दिलेला नाही, आणि तो खोलीत लावला तर पाहुण्याच्या मनात शंका राहणार नाही, हे मी काकांना सांगितले आहे. आम्हाला दोन वेळचे जेवण, चहा आणि नाष्टा धरून माणशी दिवसाला १,२०० रुपये पडले, आणि निघताना ठरल्यापेक्षा एक पैसाही जास्त मागितला नाही.

ज्यांना शॉवर, टीव्ही आणि रात्री उशिरापर्यंत गाणी हवी आहेत त्यांना ही जागा मानवणार नाही. घरातल्या मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दाखवायचा असेल, तर मला हिच्याहून सुरक्षित जागा माहीत नाही. शनिवार-रविवार टाळावा, पावसाळ्यात जाऊ नये, आणि खोली ठरवताना तळमजल्याची आहे ना हे दोनदा विचारून घ्यावे. गावात कुणालाही रहाटाच्या विहिरीचे घर विचारले तर दाखवतात. जाताना दोन किलो ज्वारीचे पीठ न्यावे. काकूंना आता भाकरी थापता येते, आणि गेल्या आठवड्यात फोनवर त्यांनी आईला सांगितले की पीठ संपले आहे.